ठिपक्यांच्या झाडाचा मुका

"चिमणे, ए चिमणे! पुरे झाली लपाछपी. आई येईल हं तुझी!"

मावशीने पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. परसात सुपाएवढी, छत्रीएवढी पानं दाटीने उभी होती. रोज पाणी घालताना ती गुणगुणायची,

"पान माझं वाढू दे गं, सुपाहून मोठं,
सावलीला निजू दे गं, पाखरू हे छोटं."

धाकटी बहीण, चिमणीची आई, चिडवायची, "ताई, तुझ्या जंगलात एक दिवस माणूस हरवेल बघ!" आज ते आठवलं आणि मावशी पानांकडे वळली. वारा पडलेला, तरी भिंतीकडचं एक पान थरथरत होतं.

पानं सारत ती आत घुसली. चिमणी भिंतीशी उकिडवी बसली होती. ओठ टम्म सुजलेले, हनुवटीवर लाळ, डोळ्यांना धार. पण रडण्याचा आवाजच नाही. शेजारी पानापानावर पांढरे ठिपके असलेल्या झाडाचा सकाळीच छाटलेला बुंधा, अजून चीक गाळणारा.

या चिकाने जीभ सुजते, वाचा बसते, हे मावशीला ठाऊक होतं. म्हणून तर ती हातमोजे घालून छाटायची. आणि छाटून झालं की लाडाने म्हणायची, "उगी हं झाडोबा. चिमणी मुका घेईल, बाऊ बरा होईल!"

पोरीने मुका घेतला होता.

नळाखाली तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या, आणि तिला खांद्यावर टाकून मावशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. मानेला लागणारा तो इवला श्वास जरा घरघरला, की हिचा थांबे.

"किती खाल्लं?"

"खाल्लं नाही हो. मुका घेतला."

बाईंनी घशात बॅटरी मारली. "घसा अजून मोकळा आहे. सूज घशाकडे पसरली तर मात्र श्वास अडेल. इथेच बसा, हिच्यावरून नजर हटवू नका."

निरोप मिळताच बहीण धावत आली. मावशीकडे न बघताच चिमणीजवळ बसली. शिव्या घातल्या असत्या तर मावशीला सोसलं असतं. दोघी त्या छोट्या छातीकडे बघत बसल्या.

उन्हं कलली तेव्हा चिमणी चिरक्या आवाजात बोलली, "मावछी, झाडाचा बाऊ गेला?"

मावशीला हुंदका आवरेना.

"गेला हं," बहीण म्हणाली. "आणि उद्या मी कुऱ्हाड आणते, झाडच घालवते!"

"कुऱ्हाड नको गं," मावशी पुटपुटली, "चीक उडतो."