सासूबाईंचे पाय

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात, काझा अमारेला वस्तीत जुसियाराची एक लहानशी खोली होती. आत एक उंच पलंग, भिंतीवर आरसा, टेबलफॅन आणि मेण गरम करायचं विजेचं भांडं. आजूबाजूच्या निम्म्या बायका पायांवरचे, काखेतले केस काढून घ्यायला तिच्याकडेच यायच्या. तिच्या सासूने मात्र त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

ही सासू, दोना ओतिलिया म्हणजे ओतिलियाबाई, कडक ख्रिस्ती प्रार्थनामंडळातली बाई. तिथल्या बायका घोट्यापर्यंत झगा घालतात आणि अंगावरच्या केसाला हात लावत नाहीत. सुनेनं ही खोली उघडली तेव्हा ती भर रस्त्यात म्हणाली होती, "बायकांना उघडं पाडायचा धंदा काढलास? लाज कशी वाटत नाही?" त्या दिवसापासून तिने सुनेशी बोलणं टाकलं. मुलगा जेनिवाल आईकडे जायचा तो एकटाच.

आणि एका गुरुवारी भर दुपारी तीच दोना ओतिलिया पडदा सारून आत आली. तिने दाराला आतून कडी घातली.

जुसियारा पुढे झाली. "जेनिवालला काही झालं का?"

"कुणाला काही झालेलं नाही. माझे पाय कर."

"काय?"

"बहिरी झालीस का? साऱ्या वस्तीचे करतेस ना? मग माझे कर."

जुसियाराच्या हातातली मेणाची लाकडी पट्टी खाली पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही. तोवर म्हातारी पलंगावर चढून बसली होती. भिंतीकडे तोंड फिरवून तिने झगा गुडघ्याच्या वर ओढला.

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासूचे पाय जुसियारा पहिल्यांदाच पाहत होती. पोटऱ्यांवर करंगळीएवढ्या जाड निळ्या-हिरव्या शिरा वेड्यावाकड्या फुगून वर आल्या होत्या. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडून कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती, आणि तिथेच एक जांभळी शीर फोडासारखी टरारली होती.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"जेनिवाल पोटात होता तेव्हापासून. त्यानंतर सारा जन्म लोकांचे कपडे धुतले, उभ्यानं. बघत काय बसलीस? लाव ते मेण."

"नडगीवर लावते, कोमट करून. पण पोटरीला आणि घोट्याला मी मेण लावायची नाही, दोना ओतिलिया. शिरा किती वर आल्यात बघा. तिथले केस कात्रीनं बारीक करून देते."

"म्हणजे अर्धा पाय बाईचा आणि अर्धा बोकडाचा?"

"राहू दे बोकडाचा. पण हे सगळं चाललंय कशासाठी?"

"तुला कशाला हव्यात पंचायती?"

जुसियाराने मेण मनगटावर लावून पाहिलं, मग नडगीवर पातळ पसरलं आणि कापडाची पट्टी दाबून ओढली. म्हातारीने हूं की चूं केलं नाही. फक्त एकदा "हे प्रभू" म्हणाली. दोन्ही नडग्या झाल्या. पाय पुसायला स्वच्छ टॉवेल हवा म्हणून जुसियारा मागच्या अंगणात गेली. दोरीवरचा टॉवेल काढते न काढते तोच आतून हाक आली.

"जुसियारा!"

ती धावत आत आली आणि दारातच थिजली. म्हातारीच्या हातात मेण लागलेली कापडाची पट्टी होती. तिने स्वतःच घोट्यावर मेण थापून पट्टी ओढली होती. घोट्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडत होती. आरशावर, पंख्यावर, जुसियाराच्या पांढऱ्या ॲप्रनवर. पंखा फिरतच होता, आणि त्याच्या पात्यांवरचे थेंब साऱ्या खोलीभर उडत होते.

"दुखत नाही गं," म्हातारी चकित होऊन म्हणाली. "जरासुद्धा दुखत नाही." आणि ती पलंगावरून उतरून उभी राहिली. तशी धार आणखीनच जोरात सुटली.

हातात टॉवेल आहे हेही जुसियारा विसरून गेली होती. दाराची कडी काढून कसाबसा तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई ठाम आवाजात म्हणाली, "त्यांना आधी आडवं करा. पाय छातीपेक्षा उंच धरा. टॉवेल घट्ट दाबा आणि गाडी येईपर्यंत हात काढू नका. उचलून बघायचंसुद्धा नाही."

तिने सासूला जमिनीवर झोपवलं, तो पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी टॉवेल घोट्यावर आवळून धरला. दोघी रक्तानं माखल्या होत्या. हळूहळू टॉवेलवरचा लाल डाग पसरायचा थांबला.

"मी मरते का गं?"

"नाही मरत. गप्प पडून राहा."

"मरणारच असेन तर सांगून टाकते. माझं लग्न ठरलंय."

जुसियाराच्या हातातला घोटा निसटता निसटता राहिला. "कुणाचं?"

"माझं. सेउ अब्दियासशी. मंडळात ट्रॉम्बोन वाजवतो तो. बायको जाऊन त्याला सात वर्षं झाली. लग्नानंतर इतामाराका बेटावर जायचं म्हणतो, दोघांनी समुद्रात पाय बुडवून बसायचं. अगं, माझ्या गेलेल्या नवऱ्यानंसुद्धा हे पाय कधी उजेडात पाहिले नव्हते! शिरा काही जात नाहीत. म्हटलं, केस तरी जाऊ देत."

जुसियारा तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. सदुसष्ट वर्षांची ही बाई नव्या नवरीसारखी लाजून डोळे मिटून पडली होती, आणि तिच्या कपाळावर स्वतःच्याच रक्ताचे शिंतोडे होते.

"मंडळात कुणाला विचारणार? तूच आठवलीस," म्हातारी पुटपुटली. "आल्यावर नीट बोलायला हवं होतं. जमलं नाही."

गाडी आली. दवाखान्यात शिरेला टाका पडला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, शिरांवर उपचार आता टाळता येणार नाहीत. बाहेर नळावर जुसियारा नखांत वाळलेलं रक्त आणि मेण खरवडत होती.

तेवढ्यात जेनिवाल घामाघूम होऊन आला आणि तिच्यावरच तुटून पडला. "आईला मेण लावलंस? त्या पायांना? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

सासू आता काय सांगेल ते जुसियाराला ठाऊकच होतं. इतक्या वर्षांचा राग, आणि अशी संधी.

"ओरडू नकोस तिच्यावर," आतल्या खाटेवरून आवाज आला. "ती नको म्हणाली होती. ती बाहेर गेल्यावर मीच ओढलं. इकडे ये. तुला एक सांगायचंय, पण आधी खाली बस."

"मी उभा बरा आहे, आई."

"बस म्हणते ना!"

तो बसला. तिने सांगितलं. जेनिवालचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"तुला माहीत होतं?" त्याने जुसियाराला विचारलं.

"तासाभरापूर्वी कळलं. यांचा पाय खांद्यावर घेऊन बसले होते तेव्हा."

जेनिवालने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग अगदी लहान पोराच्या आवाजात म्हणाला, "ट्रॉम्बोनवाला?"