खालची पालवी

पहिल्याच दिवशी थोरल्यानं चौदा मेंढरं कातरली, आणि वर बहिणीची बोलणी खाल्ली.

"दादा, ठेव ती कातर. अजून पंधरा दिवस थांब," धाकटी म्हणाली.

"झाडांना पालवी फुटलेली दिसत नाही तुला? डोळे आहेत का बटणं?"

"इथली पालवी फसवी असते रे. वारा फिरला की थंडी परत येऊन बसते."

थोरला नुसता हसला. त्याचा सगळा जन्म खाली मैदानात मेंढरांमागं गेलेला. तिथं पालवी फुटली की ऊन चटके द्यायला लागतं, अंगावर लोकर ठेवली तर जनावर धापा टाकतं. पालवी म्हणजे कातरणी, एवढंच त्याला ठाऊक. इकडं दाजी झाडावरून पडून, मांडी मोडून खाटेवर. घर चालायचं ते या चाळीस मेंढरांवर. म्हणून तर बिचारा दोन दिवस घाट चढून मदतीला आला होता.

खाटेवरून दाजी ओरडले, "अहो, तिचं ऐका जरा!"

"दाजी, तुम्ही पाय सांभाळा. मेंढरं मी बघतो."

तीन दिवसांत चाळीसच्या चाळीस मेंढरं नागडी झाली.

चौथ्या दिवशी सकाळी वारा फिरला. ढग पार छपरावर उतरले. पाऊस आला तो सुया टोचल्यासारखा, आणि त्यातच बर्फाचा चुरा. मेंढरं उबेसाठी एकमेकांवर चढली. खालची गुदमरली, वरची थिजली. थोरला मेंढवाड्याच्या दारात खांबासारखा उभा.

"बघतोस काय? उचल!" धाकटी किंचाळली.

मग एकेक मेंढरू उचलून घरात. चुलीपाशी, धान्याच्या कणगीमागं, खाटेखाली. गोधड्या संपल्या तशी धाकटीनं कातरलेल्या लोकरीची पोती फाडली आणि ती लोकर परत त्यांच्याच अंगावर पसरली. विकायची लोकर चिखलात गेली, पण तिकडं बघतो कोण! दाजींनी दोन मेंढ्या कुशीत ओढल्या. "माझा पाय मोडला तेव्हा एवढी माया कुणी केली नव्हती," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. सतरा उरली.

थोरला खड्डा खणायला गेला. वरची बोटभर माती लोण्यासारखी मऊ, आणि खाली कुदळ खणखणली. जमीन अजून गोठलेली होती. तेवीस मेंढरांपुरता खड्डा पाडेपर्यंत त्याच्या हातांची सालटी निघाली. माती लोटून झाली तसा तो घरात आला नि गुमान आपलं गाठोडं बांधायला लागला.

"कुठं निघालास?" धाकटीनं विचारलं.

"कोणत्या तोंडानं राहू?"

"असशील तसल्या तोंडानं राहा. मेंढरं मारलीस, आता राहिलेली चारायला मी एकटी कुठं कुठं पुरू?"

गाठोडं सुटलं.

तेव्हापासून रोज सकाळी थोरला मेंढवाड्याच्या दाराशी उभा राहतो. बाहेर लख्ख ऊन, झाडं हिरवीगार, मेंढरं आत दाराला धडका देतात.

"काढू का गं आज?" तो विचारतो.

धाकटी अंगणात जाते, वाऱ्याकडं तोंड करून थोडा वेळ उभी राहते, आणि एखाद्या दिवशी मागं न वळता म्हणते, "नको."

तो मुकाट्यानं कडी लावतो.