घरी बसलेल्यांची मोजणी

घरात तिला आतापासूनच डॉक्टरीणबाई म्हणत. पीएचडी अजून हातात आली नव्हती, पण चिडवायला ती कशाला लागते? विषय होता पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे कान. दिवसभर पत्र्यावर यंत्राचे घाव पडतात, तिथे वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याला किती ऐकू येतं, ते ती मोजत होती. कारखान्यात मोजलं, तसं काम सुटून घरी बसलेल्यांच्या घरोघरी जाऊनही मोजलं. त्यातलं एक घर तिचंच. तिच्या वडिलांना धोक्याचा भोंगा ऐकू येईना, म्हणून कारखान्यानं त्यांना ऐन चाळिशीत घरी पाठवलं होतं.

मोजमाप सांगत होतं की वर्षं वाढतात तसं ऐकू येणं घटतच जातं. आणि इथेच माशी शिंकली.

"कान सरावतात हो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "पहिली काही वर्षं नुकसान होतं, मग थांबतं. हे कधीच सिद्ध झालंय. तुमची ही घरी बसलेली मंडळी वयानं बहिरी झाली असणार. त्यांना वगळा, आकडे आपोआप जुळतील."

"पण सर, माझे वडील तेव्हा म्हातारे नव्हते."

"मग वडिलांना तर आधी वगळा. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

सर वाईट नव्हते, फक्त त्यांचं सगळं ठरलेलं असे. सर काय म्हणाले ते घरी वडिलांनी विचारलं, तेव्हा आईनं त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "तुम्हाला वगळताहेत!" शेजाऱ्यांनाही कळलं. वडील भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "कारखान्यानं वगळलंच होतं. आता घरच्यांनी." ते हसत म्हणाले, तरी तिच्या काळजाला घरं पडली.

पण कान सरावतात हे सिद्ध केलं कुणी? विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ती एकेका लेखाच्या संदर्भांचा माग काढू लागली. हा लेख त्याच्याकडे बोट दाखवी, तो तिसऱ्याकडे, आणि शेवटी सगळी बोटं एकाच जुन्या लेखावर जाऊन थांबली. संगणकावर त्याचा चार ओळींचा गोषवारा तेवढा होता. पूर्ण लेखाच्या जागी 'उपलब्ध नाही'.

"हे नियतकालिक आपण कधी घेतलंच नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग आपल्याकडचे सगळे याचा दाखला कसा देतात?"

"गोषवारा वाचून. लग्नपत्रिका वाचून लग्न कसं झालं ते सांगणारी माणसं नसतात का? तसंच." बाई स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसल्या आणि दुसऱ्या विद्यापीठांना मागणी पाठवायला बसल्या.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडून लेख आला, वाकडा स्कॅन केलेला, एका पानावर कुणाचा तरी अंगठाही उमटलेला. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. तक्त्याखाली बारीक अक्षरात लेखकानं स्वतःच लिहून ठेवलं होतं: इशारे ऐकू येईनासे झाल्यामुळे ज्यांना कामावरून कमी केलं, त्यांची तपासणी केलेली नाही. म्हणजे कान सरावले नव्हते. ज्यांचे गेले ते बाहेर गेले, आणि ज्यांचे शाबूत होते तेवढेच मोजले गेले. तिला हसू आलं, मग संताप आला. इतकी वर्षं इतक्या शहाण्या माणसांनी ती ओळ वाचलीच नव्हती!

लेख घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांच्या स्वतःच्या पुस्तकात याच लेखाचा दाखला होता. आता बहुधा सगळं मुसळ केरात. सरांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"मी हा लेख पूर्ण वाचलेला नाही," ते म्हणाले. "तुम्ही?"

"आज पहिल्यांदाच, सर. माझ्या पहिल्या पेपरात मीसुद्धा याचाच आधार घेतलाय."

"छान. गुरू तसे शिष्य." त्यांनी कपाटातून आपलं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. "कुणालाही वगळू नका. माझं पुस्तक चुकलंय, तेही लिहा."

घरी येऊन ती वडिलांच्या कानाशी ओरडली, "बाबा, तुमची मोजणी कायम राहिली! कुणी काढणार नाही!"

"अगं, हळू. एवढं येतं ऐकू." वडिलांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग टेबलावरच्या जाडजूड बाडाकडे बघून ते म्हणाले, "पण एवढं सगळं वाचणार कोण, डॉक्टरीणबाई?"

तिनं बाड उघडलं आणि तयार असलेला गोषवारा खोडून नव्यानं लिहायला घेतला. ऐकू येईना म्हणून ज्यांना घरी बसवलं, त्यांचेही कान या अभ्यासात मोजले आहेत, हे तिनं पहिल्याच ओळीत घातलं.