एका लिटरला एकोणीस

मित्रांनो, धुतल्यावर मी अजून नवी दिसते, पण त्यावर जाऊ नका. मी एक जुनी गाडी आहे. माझ्या जातीला छोटी एसयूव्ही म्हणतात, म्हणजे उंची मोठ्या गाडीची आणि पोट लहान गाडीचे. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. सांगताना मध्येच अडखळले तर समजून घ्या, कारण माझ्या चालकाच्या सीटवर तेव्हा कोणी बसले होते की नव्हते, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्याच एका थोरल्या बहिणीला बंद खोलीत रोलरवर उभे करून जागच्या जागी पळवले होते. वारा नाही, चढ नाही, एसी नाही, सिग्नल नाही, मागे बसून भांडणारी मुले नाहीत. अशा लाडात ती एका लिटरला एकोणीस किलोमीटर पळाली. झाले! तोच आकडा छापून आम्हा सगळ्या बहिणींच्या काचेवर चिकटवला गेला. दुकानात येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघायच्या आधी "अ‍ॅव्हरेज किती देते?" असे विचारी. विकणारा त्या कागदाकडे बोट दाखवी आणि मी मनातल्या मनात ओशाळी होई. रस्त्यावर इतके कोण देणार?

मला ज्यांनी घेतले ते कवळीकाका. ते दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचे कामाचे टेबल होते. तयार झालेले दात ते डब्यांत घालून माझ्या मागच्या सीटवर ठेवत आणि दवाखान्यांत पोचवत. येताना जबड्यांचे नवे साचे आणत. साचे प्लास्टरचे असतात, जरा धक्का बसला की तडकतात. त्यामुळे काकांचा पाय मुळातच हलका होता. असा पाय मला पुन्हा मिळाला नाही.

काचेवरचा तो कागद त्यांनी काढला, पण फेकला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि हसून मला म्हणाले, "बघू, तू खरी की हा कागद खरा." तेव्हापासून त्यांनी त्या एकोणीसचा ध्यासच घेतला. लांबवर लाल दिवा दिसला की ते पाय उचलत, आणि मी आपल्या वेगाने सरकत सरकत दिव्यापाशी पोचेपर्यंत तो हिरवा होई. फार वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करत. टायरमधली हवा स्वतः तपासत. डिकीत फालतू काही साठू देत नसत. पेट्रोलची टाकीसुद्धा अर्धीच भरत, उगाच ओझे कशाला वाहायचे म्हणून. दर वेळी पेट्रोल भरले की माझ्या पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा बटण दाबून पुसत आणि नव्याने सुरुवात करत. आकडा कधी चौदा येई, कधी पंधरा. एकदा सतरा आला तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसले.

काकूंना या सगळ्याचा कंटाळा होता. त्या नेहमी शेजारच्या सीटवर बसत. "ह्यांची गाडी पेट्रोलवर चालत नाही, माझ्या सहनशक्तीवर चालते," असे त्या सगळ्यांना सांगत. काकांना राग आला की ते भांडत नसत, नुसते बोलेनासे होत. मग काकू रस्ताभर एकट्याच बोलत आणि घर येईपर्यंत त्यांना हसवत.

त्यांचा मुलगा तलावावर पोहायला शिकवतो. त्याचा पाय दगडासारखा जड. तो बसला की माझा आकडा धाडकन खाली येई. "पाण्यात पाय मारतोस तसा इथे मारू नकोस रे," असे काका कळवळून म्हणत.

आणि एका संध्याकाळी ते घडले. काका शेवटचा डबा पोचवून परत येत होते. पुलावरून उतरताना माझ्या पडद्यावर एकोणीस उमटले. साधा रोजचा रस्ता, रोजची गर्दी, आणि एकोणीस! ते घरी आले, मला शेडमध्ये उभे केले आणि दार उघडून लहान मुलासारखे ओरडले, "अगं, बाहेर ये! पोचलो! एकोणीस!"

काकू इस्त्री करत होत्या. त्यांनी आतूनच उत्तर दिले, "उद्या बघते हो. पळून जातोय का तुमचा आकडा?"

काका जरा वेळ पडद्याकडे बघत बसले. मग चावी काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाच्या टेबलावर बसल्या बसल्या गेले. कुणाची तरी अर्धी झालेली कवळी त्यांच्या हातात होती. डॉक्टरांना आणायला मुलानेच मला पळवले, पण उपयोग झाला नाही. नंतरचे काही दिवस धावपळीचे गेले. ती सगळी त्याच्या जड पायाने झाली.

घर शांत झाल्यावर काकू शेडमध्ये आल्या. शेजारच्या सीटवर बसल्या, वाकून चावी फिरवली आणि पहिल्यांदा तो आकडा पाहिला. तोवर तो एकोणीसच्या खाली घसरला होता. त्यांनी मुलाला हाक मारली.

"हा असा कसा झाला? हे तर एकोणीस म्हणाले होते."

"आई, मी चालवली ना मध्ये. माझ्या हातात तो कमीच होणार."

"मग आजपासून गाडीला हात लावायचा नाहीस. ह्यांनी भरलेलं पेट्रोल आहे. ह्यांचा आकडा आहे. मला तो बघू दे."

मुलाने मान खाली घातली. तो सायकलने तलावावर जाऊ लागला. चावी काकूंच्या उशीखाली गेली.

मित्रांनो, इथून पुढचे सांगायला मला जड जाते.

काकू रोज दुपारी येत. चावी फिरवली की चालकाने पट्टा लावेपर्यंत मी टिंग टिंग करत राहते. सीटवर कोणी आहे की नाही हे मला दिसत नाही; मला फक्त पट्टा कळतो. पहिल्या दिवशी मी वाजत राहिले तेव्हा काकू दचकल्या. मग रिकाम्या सीटकडे वळून म्हणाल्या, "लावा हो पट्टा. किती वेळा सांगायचं?" आणि स्वतःच हात लांब करून त्यांनी तो पट्टा ओढला आणि खटकन लावला. मी गप्प झाले. माझ्या दृष्टीने चालक बसला होता.

बॅटरी उतरली तर आकडा जाईल, असे त्यांनी कुठे तरी ऐकले होते. म्हणून त्या इंजिन सुरू करून ठेवत. काकांना उकडत असे म्हणून एसी लावत. मी जागची हलत नसे. गाडी हलवली नाही म्हणजे आकडा जिथल्या तिथे राहील, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण उभ्या गाडीचे इंजिन पेट्रोल पितच असते, आणि अंतर मात्र तसूभरही वाढत नाही. आकडा रोज थोडा थोडा उतरू लागला.

काकूंनी त्याचा भलताच अर्थ लावला. त्यांना वाटले, काका रुसले आहेत. त्या दिवशी आपण आकडा बघायला बाहेर गेलो नाही, म्हणून आता ते बोलत नाहीत, नुसता आकडा खाली खाली नेत आहेत. त्यांना मनवायला काकू जास्त वेळ बसू लागल्या. दिवसभरात काय झाले ते सांगत, जुन्या गमती सांगत, माफी मागत. "अहो, इस्त्रीचं काय घेऊन बसले होते मी! आता तरी सोडा ना राग." त्या जितका वेळ बसत, तितका आकडा उतरे, आणि आकडा उतरला की त्या आणखी वेळ बसत.

मला ओरडून सांगावेसे वाटे की काकू, हे काकांचे रागावणे नाही, ही माझी तहान आहे. पण माझ्याकडे आवाज म्हणून एक हॉर्न आहे आणि तोसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो. खरे सांगू? कधी कधी मलाही शंका येई. पट्टा लागलेला असे, काकू बोलता बोलता मध्येच थांबून ऐकत, मान डोलावत, आणि मग पुढे बोलत. त्या कुणाचे ऐकत होत्या?

एके दिवशी शेजारीण शेडपाशी येऊन उभी राहिली. "काकू, कुणाशी बोलताय?" तिने विचारले आणि तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी आत आल्यावर शेडचे शटर खाली ओढायला सुरुवात केली.

त्या शटरचा आवाज मला आठवला की आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो. माझ्या मागच्या नळीतून जो धूर निघतो त्यात विष असते. उघड्यावर ते वाऱ्याने विरून जाते. बंद शेडमध्ये ते जाणार कुठे? ते साचत होते. त्याला रंग नाही, वास नाही असा त्याचा कावा असतो. काकूंचे डोके जड होई. त्यांना वाटे रडून जड झाले. त्यांना पेंग येई. त्यांना वाटे, ह्यांच्याजवळ बसले की बरे वाटते. मला सगळे कळत होते आणि मी धूर सोडत होते. ज्या माणसाने मला स्वतःच्या हाताने पुसले, त्याच्याच बायकोला मी गुंगवत होते. मित्रांनो, यंत्राला रडता येत नाही, हे फार वाईट आहे.

शेवटच्या दुपारी आकडा बाराच्या आसपास होता. काकूंचे डोके काचेला टेकले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "येऊ का मी? तुम्ही बोलतच नाही, मग मीच येते." मग त्यांचा हात मांडीवरून खाली घसरला. चालकाचा पट्टा लागलेलाच होता. शटर बंदच होते.

आणि माझे इंजिन एक आचका देऊन बंद पडले.

टाकीतले पेट्रोल संपले होते. इंजिन गप्प झाले तसे माझे सगळे लाल दिवे पेटले आणि मी धोक्याचे टिंग टिंग वाजवू लागले. नेमका तेव्हा मुलगा तलावावरून घरी आला होता. इंजिनच्या घरघरीत त्याला ते ऐकू आले नसते. त्याने "आई!" अशी हाक मारली, मग शटरला कान लावला, आणि एका झटक्यात ते वर केले. बुडणाऱ्याला पाण्यातून काढतात तसे काखेत हात घालून त्याने आईला बाहेर ओढले आणि अंगणात कुशीवर निजवले. जड पायाच्या त्या मुलाचे हात मात्र फार हलके होते.

काकू वाचल्या. दवाखान्यातून घरी आल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, पण आत बसल्या नाहीत. मुलगा शेजारी उभा होता.

"ह्यांनीच बंद केली गाडी," काकू म्हणाल्या.

"पेट्रोल संपलं आई."

"आकडासुद्धा बारावर आणला. एवढा राग?"

"अगं, बाबा कुठे रागावलेत? गाडी उभी ठेवून इंजिन चालवलं की पेट्रोल जळतं, अंतर होत नाही. मग आकडा पडणारच."

काकूंनी काचेतून रिकाम्या सीटकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे तो मीच खाली आणला. मनवायला बसले होते, आणि मीच पुसत होते त्यांना."

मुलाने काकूंचा हात हातात घेतला. "त्यांना तू फक्त एकदा यायला हवी होतीस बघायला. तू रोज आलीस."

तेव्हा काकू रडल्या. काका गेल्यानंतर इतके मोकळे रडताना मी त्यांना पाहिले नव्हते.

मुलाने डबा भरून पेट्रोल आणले आणि माझ्या टाकीत ओतले. पेट्रोल भरले की आकडा पुसायचा, ही घरची रीत. त्याचे बोट बटणापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग काकूंनीच वाकून ते दाबले. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. मुलगा चालकाच्या सीटवर बसला, काकू शेजारी. आम्ही निघालो. वाटेत सिग्नल लागला, आणि त्याने नेहमीसारखा उशिरा, करकचून ब्रेक दाबला. रेघांच्या जागी आकडा उमटला, दहा. कारखान्यातल्या माझ्या बहिणींनी ऐकला तर माझ्याशी बोलणे टाकतील असा आकडा!

मुलगा कानकोंडा झाला. काकूंनी पडद्याकडे नीट वाकून पाहिले. "हा तुझा," त्या म्हणाल्या. "असू दे. मी बघितला हं."

एक गोष्ट मी या दोघांनाही सांगितलेली नाही. टाकी संपली असे म्हणतात तेव्हासुद्धा ती पूर्ण संपत नाही. अगदी तळाशी, जिथे माझ्या आतल्या पंपाला पोचता येत नाही, तिथे घोटभर पेट्रोल उरते. काकांनी भरलेल्या पेट्रोलचा तो घोट नव्या पेट्रोलात मिसळला. तेव्हापासून कितीदा तरी टाकी भरली, तरी दर वेळी त्याचा एखादा थेंब मागे राहत असणार. म्हणूनच की काय, पुलावरून उतरताना आजही कधी कधी मुलाचा पाय आपोआप उचलला जातो, आणि काकू दचकून त्याच्याकडे बघतात.

मित्रांनो, माझी जपणूक करा, मला धुवा, टायरमध्ये हवा भरा, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. माझे मागणे वेगळे आहे. कुठे शटर बंद असेल, आत इंजिन घरघरत असेल आणि कुणी एकटेच बोलत असेल, तर हसू नका आणि दारात उभे राहू नका. आधी शटर वर करा. कुणाशी बोलत होता, ते नंतर विचारा.