काडेपेटीएवढा अँटेना

बायको विमान बांधत होती आणि मी तिच्यावर चिडत होतो, असे आमच्या घरात दोन उद्योग कित्येक वर्षं जोडीने चालू होते. ती दातांच्या कवळ्या करते. दिवसभर लोकांच्या दाढा घासायच्या आणि संध्याकाळी धावपट्टीजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये जाऊन पंखाच्या लाकडी पट्ट्या घासायच्या, हा तिचा दिनक्रम. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या मते माणसाने जमिनीवर राहावं. तिथेच धडकायला पुरेशा वस्तू आहेत.

हे मी तिला हजारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती हो हो म्हणायची आणि माझ्या हातात सॅंडपेपर द्यायची. होता होता मी सांगाड्यावर कापड ताणलं, रंग मारला आणि चिडत चिडतच अर्ध्या विमानाचा भागीदार झालो. उडवायचा परवाना तिने त्याआधीच काढला होता, मला न विचारता.

विमान पुरं होत आलं तेव्हा तिने मला एक काम नेमून दिलं.

"राखीव यंत्राचा अँटेना तुम्ही निवडायचा."

हे राखीव यंत्र म्हणजे तळहाताएवढा पडदा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. समोरचा मोठा पडदा बंद पडला तर आपण कुठे आहोत आणि परत जायचं कुठल्या दिशेला, हे तो बाणाने दाखवतो. पण त्यासाठी त्याला आकाशातल्या उपग्रहांचं ऐकू यावं लागतं, आणि अँटेना हा त्याचा कान.

"मीच का?" मी विचारलं.

"कारण तुम्हीच सगळ्यात जास्त घाबरता. घाबरट माणूस नीट पारखून घेतो."

खरंच होतं ते. इंजिन बंद पडलं तर ती विमान एखाद्या माळावर उतरवेल, याची मला खात्री होती. पण वर धुरकट झालं, मोठा पडदा काळा पडला आणि धावपट्टी कुठे राहिली तेच कळेनासं झालं तर? तेव्हा मी निवडलेली ती एवढीशी वस्तू तिला परत आणणार होती. किंवा नव्हती आणणार.

खास विमानाचा अँटेना बघितला. लग्नाचं म्हटलं की फुलं जशी महागतात, तसं विमानाचं म्हटलं की सगळंच महागतं. तो घेतला असता तर इंजिनापुढचा फिरता पंखा घेणं पुढच्या वर्षावर गेलं असतं. आम्हाला हवी होती आखूडशिंगी, बहुदुधी गाय. अखेर मला एक सापडला. मालवाहू ट्रकांचा होता, ड्रायव्हर कुठल्या ढाब्यावर झोपलाय ते मालकाला कळावं म्हणून बनवलेला. काडेपेटीएवढी काळी डबी, खाली चुंबक, मागे लांब वायर. आमच्या यंत्रातून जेवढा वीजदाब मिळतो तेवढ्यावरच तो चालत होता, वायरचं टोकही जुळत होतं, आणि पाणी, धूळ, हादरे यांची त्याला सवय होती. हादऱ्यांचं मला विशेष आवडलं.

पण नुसत्या जाहिरातीवर विश्वास ठेवणारा मी नव्हे. मी तो माझ्या शिकवणीच्या गाडीच्या टपावर चिकटवला, यंत्र मांडीवर घेतलं, घराच्या फाटकासमोर गाडी उभी करून यंत्रातलं 'घर' हे बटण दाबलं आणि माझ्या सर्वांत वाईट शिकाऊला चाक दिलं. हा गृहस्थ बेकरीवाला. पाव उत्तम करतो, पण क्लच आणि ब्रेक यांत त्याने कधी भेदभाव केला नाही. त्याच्या हातचे हादरे सोसले तर विमानाचे काहीच नाहीत.

"सर, ते मशीन माझ्यावर लक्ष ठेवतंय का?" त्याने घाबरून विचारलं.

"हो. गिअर नीट टाका."

गल्लीबोळांतून, झाडांखालून, उंच इमारतींमधून आम्ही गचके खात हिंडलो. बाण एकदाही चुकला नाही. कुठेही वळा, त्याचं टोक आमच्या फाटकाकडे. मी इतका खूश झालो की बेकरीवाल्याला शाबासकी दिली. तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता.

त्या दिवशी परत आलो तेव्हा फाटकात सासूबाई उभ्या होत्या. त्या आमच्याकडेच राहतात. विमानाच्या बाबतीत मी आणि त्या एका पक्षाचे. फरक इतकाच, की मी शेडमध्ये जायचो आणि त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"एवढ्याशा डबीच्या भरवशावर माझी लेक वर जाणार?"

"चांगली आहे हो डबी. तुम्ही याल ना बघायला?"

"मला नाही बघवायचं, जावईबापू. तिला एवढंच सांगा, सरळ घरी ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी अँटेना विमानात बसवला. सीटच्या मागे, विमानाच्या पाठीवरच्या कापडाखाली, वाऱ्याला अडथळा नको आणि दिसायलाही नको असा. यंत्र सुरू केलं. पडद्यावर 'शोधत आहे' अशी अक्षरं आली आणि तिथेच राहिली. विमान शेडबाहेर उघड्यावर ओढलं. तरी शोधतच आहे. वायर तपासली, टोक पुन्हा घट्ट केलं. छे.

माझं डोकं सणकलं. ट्रकच्या कंपनीचा उद्धार केला, उपग्रहांचा केला, स्वतःचा तर सर्वांत जास्त. मुद्दाम घाबरट माणूस निवडला होता तिने, आणि त्यानेच पाट्या टाकल्या! "पंखा राहू दे, आपण महागडाच घेऊ," मी म्हणालो आणि रागारागाने डबी कापडाखालून ओढून, वायर यंत्राला तशीच असताना, पंखावर आपटली.

यंत्र टिंग वाजलं. बाण आला.

बायकोने डबी उचलून परत कापडाखाली धरली. बाण गेला. बाहेर काढली. आला. तिने दोनदा असं केलं, मग विमानाच्या पाठीवर टिचकी मारली.

"अहो, या कापडावर चंदेरी रंगाचे किती हात दिलेत?"

"तू सांगितलेस तेवढे."

"खरं सांगा."

आता लपवून काय उपयोग? त्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते. उन्हाने कापड कुजू नये म्हणून तो द्यायचा. ती घरी गेली की मी आणखी एक हात द्यायचो. कधी दोन. वर गेल्यावर कापड फाटलं तर, या धास्तीने.

"पाठीवर तर पत्राच चढवलात की!" ती हसायला लागली. "त्या बिचाऱ्याला डब्यात घालून वर झाकण लावलंत. त्याला ऐकू कसं येणार?"

अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. तिला जपायच्या नादात मी तिच्या परतीच्या वाटेवरच रंग फासून बसलो होतो. मला हसू येईना. तिने मात्र माझ्या पाठीवर थाप मारली आणि डबी पुढे नेली. समोरच्या काचेच्या खाली, यंत्रांच्या वरच्या फळीवर डबीला मोकळं आकाश दिसत होतं. शेजारी होकायंत्र, म्हणून आधी खालचं चुंबक काढून टाकलं. गाडीच्या टपासारखा खालून धातूचा आधार हवा म्हणून ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवला; पत्रा वर असला की अडवतो, खाली असला की मदत करतो. बाण लगेच आला आणि टिकला. आता ती डबी कायम तिच्या डोळ्यांसमोर राहणार होती. मला ते आवडलं.

तपासनीस येऊन पसंती देऊन गेला. पहिली उड्डाणं धावपट्टीवरच्याच घिरट्यांची होती, ती मी बोटांच्या फटीतून पाहिली. मग राखीव यंत्राच्या परीक्षेचा दिवस आला. हवा स्वच्छ होती. टेकडीपलीकडे जायचं, मोठ्या पडद्यावर फडकं टाकायचं आणि फक्त बाणाच्या मागे परत यायचं, असं तिने ठरवलं.

ती टेकडीमागे दिसेनाशी झाली. मी गवतात उभा. माझे पाय जमिनीवर होते, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता.

मग आवाज आला. विमान टेकडीमागून वर आलं, सरळ माझ्या दिशेने आलं, आणि थोडं वळून शहराकडे निघून गेलं.

"अगं, इकडे!" मी ओरडलो, जणू ती शेजारच्या गाडीत होती आणि काचेतून तिला ऐकू जाणार होतं. ठिपका लहान होत गेला. मी धावपट्टीवर धावत सुटलो. डबी माझी, निवड माझी, आणि बाण तिला भलतीकडे घेऊन चालला होता. मला रडू फुटलं. वयाची काही लाज न बाळगता मी रडलो.

ठिपका शहरावर गोल फिरला, मोठा होत परत आला आणि पिसासारखा उतरला. ती गॉगल काढत खाली उतरली. तिचेही डोळे ओले होते.

"अँटेना एक नंबर आहे," ती म्हणाली. "पण मला सांगा, यंत्रात घर म्हणून काय भरलंय तुम्ही?"

मला एकदम आठवलं. फाटक. शिकवणीची गाडी. बेकरीवाला. धावपट्टीवर आणल्यावर ते बटण मी परत कधी दाबलंच नव्हतं.

"बाण धावपट्टी सोडून निघाला तेव्हाच कळलं मला. धावपट्टी खाली दिसत होती, भीती नव्हती. म्हटलं, बघू तरी कुठे नेतोय. आपल्या गच्चीवर नेलं. तुमचा निळा शर्ट वाळत होता, आणि..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, ती आली होती," त्यांना धाप लागली होती. "मी कपडे काढायला गच्चीत गेले होते. डोक्यावरून आली. मी हात केला, तर तिने पंख हलवले हो!"

"चूक माझी झाली, म्हणजे बाण..."

"कसली चूक? सरळ घरी ये म्हटलं होतं, आली. बरं, ते जाऊ दे." त्यांनी आवाज खाली आणला, जणू शेजारी कोणी ऐकत होतं. "तिला विचारा, उद्या किती वाजता येणार?"