कार्यक्रमाआधीची गोळी

सुदामदादांची मुलांची भीमगीतांची पार्टी बदलापूर-अंबरनाथमध्ये नावाजलेली. एप्रिल लागला की दादांना जेवायला सवड नसे. आज हेंद्रेपाडा, उद्या शिवमंदिराकडची वस्ती, परवा उल्हासनगर. पोरांचे आवाज बसू नयेत म्हणून पूर्वी ते ज्येष्ठमध द्यायचे. आता सुधारणा झाली होती. कुणाचा घसा जरा खवखवला की कार्यक्रमाआधी सगळ्यांना अँटिबायोटिकची एकेक गोळी, खाऊ वाटावा तशी. मेडिकलवाला हितेश चिठ्ठीबिठ्ठी मागत नसे. दादांचं काम समाजाचं, त्यात तो कशाला आडवा येईल?

कात्रपच्या यशोधरेची मुलगी प्रीती या पार्टीत गायची. माझ्या पोरीला गोळी द्यायची नाही, असं यशोधरेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रीती लहान असताना पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तिचा चेहरा सुजला होता, श्वास कोंडला होता. हे औषध हिला जन्मात द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. पेनिसिलिन बाद झाल्यावर घशाच्या दुखण्याला तिच्या वाट्याला उरलं ते दादा वाटत होते ते दुसरं औषध. म्हणून यशोधरा ते जपायची. साध्या सर्दीखोकल्याला मिठाच्या गुळण्या करायच्या आणि दम धरायचा. बाकीच्या आया हसायच्या. कंपनीत कमावते आणि पोरीला एक गोळी द्यायला हिचा जीव होत नाही, म्हणायच्या.

आंबेडकर जयंतीच्या तोंडावर प्रीतीचा घसा धरला. ताप चढला, टॉन्सिलवर पू दिसू लागला. डॉक्टरांनी तपासून तेच औषध दिलं, तेव्हा यशोधरेला हायसं वाटलं. याच दिवसासाठी तर तिने ते राखलं होतं. पण ताप हटेना. पोरीची मान सुजली, थुंकी गिळवेना, तोंड उघडवेना, तेव्हा तिला उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात भरती केलं. घशाचा नमुना तपासून आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे औषध या जंतूवर चालतच नाही, हिला ते सारखं दिलंय का?

"याआधी एकदाही नाही," यशोधरा म्हणाली.

मग बाईंनी समजावलं. औषधाची सवय अंगाला होत नाही, जंतूला होते. उगाच गोळ्या खाणाऱ्या कुणाच्या तरी घशात निगरगट्ट जंतू तेवढे टिकून राहिले असणार, आणि एकत्र गाता-खोकताना ते हिच्याकडे आले असणार. आता सलाइनमधून दुसरं, जोराचं औषध सुरू केलंय, त्याने गुण यावा.

यशोधरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न्याय तरी पाहा. ऊठसूट गोळ्या खाणारी पोरं स्टेजवर गात होती, आणि जिच्या आईने औषधाला उगाच हात लावू दिला नाही ती खाटेवर पडून होती.

नव्या औषधाने ताप उतरू लागला. त्या संध्याकाळी नवऱ्याला, महेंद्रला, पोरीजवळ बसवून यशोधरा थेट समाजमंदिरात गेली. तिथे प्रॅक्टिस चालू होती आणि दादा पाकीट फोडून गोळ्या वाटत होते. तिने डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं पोरांसमोरच ऐकवलं. दादा दुखावले.

"ताई, तुमच्या पोरीला आपण एक पण गोळी दिली नाय. कसम से. बाकीच्यांनी खाल्ली, त्यात तुमचं काय गेलं?"

"माझ्या पोरीचं औषध गेलं," यशोधरा म्हणाली. "ते सगळ्यांचं होतं, दादा. तुम्ही खिरापतीसारखं वाटून संपवलं. ती मरता मरता वाचली."

पेटी थांबली. दादांचा चेहरा पडला, डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्यांनी वाटलेल्या गोळ्या पोरांच्या हातातून परत घेतल्या आणि आजपासून ही गोळी बंद, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. यशोधरेचा राग जरा निवळला. आपण फार तोडून बोललो की काय, असंही तिला वाटून गेलं. ती निघाली तेव्हा दादा मोबाइल काढून तिच्या मागे आले.

"ताई, प्रीतीला लागू पडलं ते कुठलं? जोरदार दिसतंय. हितेशला तेच मागवायला सांगतो. पोरांचा सीझन आहे."

नाव तिला तोंडपाठ होतं. खाटेशेजारी बसून सलाइनच्या बाटलीवरच्या त्या नावाखेरीज ती दुसरं काही वाचतच नव्हती. तिने दादांकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. दादा गेटपर्यंत मागे आले, निदान नावाचं पहिलं अक्षर तरी सांगा, म्हणत.