वेसण

चैत्रातल्या दुपारी ओसरीच्या पत्र्यातून उन्हाच्या तिरिपी उतरायच्या आणि त्या उजेडात माझे नानामामा डोळे मिटून खरबूज देठाकडून हुंगत बसलेले दिसायचे. श्वास सावकाश आत जाई, क्षणभर थांबे, आणि मग निर्णय येई, "आज नगं, उद्या कापा." तो निर्णय कधी चुकला नाही. कडब्याला धरू लागलेली बुरशी, दुधाचं नासण्याआधीचं आंबूसपण, वाऱ्यावरून आलेली दूरची ओल, सारं त्यांच्या नाकाला आधी कळे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या कारभारात नाक खुपसलं नाही, त्याच्या नाकावाचून त्या घरातलं पान हलत नसे.

शेत कोरडं पडत गेलं तसे मामा चितेगावच्या एका कारखान्यात जाऊ लागले. लोखंडाला क्रोमची चकाकी चढवायचं काम होतं. नारिंगी द्रावणाच्या टाकीवर उभं राहून दांडे बुडवायचे, काढायचे, आणि वर तरंगणारं धुकं श्वासासोबत आत घ्यायचं. शहर वाढत होतं, रस्तोरस्ती नव्या मोटारसायकली झळकत होत्या. इकडे मामांच्या नाकातून आधी रक्त आलं, मग खपल्या धरल्या, मग दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला आरपार भोक पडलं. टाकीवरचे बहुतेक जण शेतकऱ्यांच्याच घरचे. बैलाच्या नाकात दोर ओवण्यासाठी पाडतात तसंच हे भोक, म्हणून नव्या माणसाचं पहिलं रक्त दिसलं की ते हसून विचारायचे, "घातली का कंपनीनं वेसण?" मामाही हसायचे. वास कळणं कधीच गेलं होतं, पण घरी ते काही बोलले नाहीत.

त्या वर्षी पावसाने पुन्हा पाठ फिरवली. टँकरचा नेम नव्हता. नाल्याकाठच्या विहिरीच्या तळाशी तेवढं पाणी होतं, आणि नाल्यात कारखान्यांचं सांडपाणी सुटत होतं. मी शहरातल्या पुंडलिकनगराहून सुट्टीला मामांकडे गेले होते. मामीने बादली ओढली आणि ती थबकली. तिला काहीतरी उग्र जाणवलं होतं. पण मामा असताना स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची त्या घराला सवयच नव्हती.

"अवं, बघा बरं जरा."

मामांनी ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले, श्वास आत ओढला. "चांगलं हाय," म्हणाले.

म्हैस त्या पाण्याला तोंड लावीना. मामी तिच्यावर करवादली, "तुला लई कळतं व्हय त्यांच्यापरीस?" आणि पेंड कालवून तिला ते पाजलं. आम्हीही सगळे तेच प्यालो. काही दिवसांनी म्हैस बसली ती उठलीच नाही. मामीच्या पोटात तेव्हा सुरू झालेली आग पुढे जन्मभर विझली नाही.

म्हैस ओढून नेली त्या संध्याकाळी मामा रिकाम्या दावणीशी उभे होते. कुणाकडेही न पाहता म्हणाले, "मला वास येत नाय. लई दिस झाले."

"मंग चांगलं हाय कसं म्हणलात?" मामीने विचारलं.

"तू इचारलंस," मामा म्हणाले. "नाय कसं म्हणावं?"

मामी भांडली नाही, रडली नाही. मलाही राग आला नाही. दुसऱ्या सकाळी मामीने डबा भरला आणि मामा टाकीवर गेले.

त्यानंतरही चैत्र येत राहिले. पाहुण्यांनी आणलेलं खरबूज मामांच्याच हाती जाई. मात्र त्याआधी मामीने ते आत नेऊन हुंगलेलं असे. तिने देताना देठ वर धरला तर आज कापायचं, खाली धरला तर उद्या. मामा डोळे मिटत, श्वास आत घेत आणि अचूक सांगत. पाहुणे माना डोलावत.

आता मामा नाहीत. विहीर बुजवून तिच्यावरून रुंद रस्ता गेला आहे आणि मामी आमच्याकडे राहते. चैत्रात मी खरबूज आणलं की ती ते हुंगते, देठ वर करून हातात धरते आणि सुरी न मागता तशीच उभी राहते. पिकल्या फळाचा वास घरभर पसरलेला असतो, फक्त 'कापा' म्हणणारं कुणी नसतं. आणि गेलेला काळ बहुधा कुठे जात नसावा, तो तिच्या त्या थांबलेल्या हातातच राहत असावा.